तिसऱ्या प्लेअरचा आवाज

मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. कीव करतो त्याची. पूर्वी घालायचो. ‘अहो, गाणं ते गाणं, त्यात काय एवढं?’ असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. त्याला समोर बसवायचं, त्याच्या कानात माझे इअरफोन कोंबायचे, आधी मोबाइल, मग माझा प्लेअर, पुन्हा मोबाइल, पुन्हा प्लेअर, आणि तो ‘हो बाबा, आहे फरक’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. एका भाऊबीजेला मेहुण्याला मी असा पिळला की तो ओवाळून घेतल्या घेतल्या, न जेवताच चिंचवडला परत गेला. बायको दोन दिवस बोलली नाही. मी म्हटलं, ज्याला कान नाहीत त्याने गोडधोड खाऊन तरी काय करायचंय?

असा मी माणूस. पुढचं वाचण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

तेव्हा माझ्याकडे तीन प्लेअर होते. प्लेअर म्हणजे नुसती गाणी वाजवणारं, खिशात मावणारं डिजिटल यंत्र. त्यात फोन नाही, कॅमेरा नाही, दुसरी कसलीच भानगड नाही. पहिला काडेपेटीएवढा. आवाज गोड, पण गायक, तबला, पेटी सगळे एकाच रिक्षात कोंबल्यासारखे. दुसरा पत्त्यांच्या कॅटाएवढा. त्याचा बेस दमदार, आणि दोन सुरांच्या मधली शांतता अशी की ती ‘काळीभोर’ आहे असं मी आमच्या ऑनलाइन ग्रुपवर लिहून टाकलं होतं. त्यावर लोकांनी अंगठे दिले होते. तिसरा मात्र राजा. विटेसारखा जड, खिशात टाकला की पँट एका बाजूला उतरायची. त्यात तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू यायच्या, गाणारी बाई श्वास कुठे घेते तेसुद्धा कळायचं.

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही गुरुवारी. त्या दुपारी माझ्या आकुर्डीच्या घरी कारखान्यातल्या जुळणीच्या लाइनवरचे तिघे मित्र यायचे आणि आम्ही प्लेअर लढवायचो. पद्धत कडक होती. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल. प्लेअर उशीच्या अभ्र्यात, म्हणजे हाताला लागूनसुद्धा ओळखू नये. गाण्याचा तोच तुकडा, तेच इअरफोन, आणि तिन्हींचा आवाज आधी मोजून सारखा करायचा. कारण आवाज जरा वाढवला की कुठलंही डबडं गोड लागतं, आणि इथेच भलेभले फसतात. तिघांपैकी दोघांना खरं तर काही कळत नव्हतं. मी काय म्हणतो ते बघून ते माना डोलवायचे. मला ते माहीत होतं आणि मला ते आवडायचं.

कानाचा एवढा तोरा यायला कारणही होतं. माझी नोकरीच ऐकण्याची. चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात गिअरबॉक्स बनतात, तिथे मी आहे. जुळणी झालेला प्रत्येक बॉक्स शेवटी एका छोट्या खोलीत येतो. तिला आम्ही बूथ म्हणतो. भिंतींना, छताला जाड फोम, दार फ्रीजसारखं घट्ट बसणारं. बाहेर नुसता कल्लोळ, आत दार लावलं की आपण आवंढा गिळलेला आपल्याला ऐकू येतो. बॉक्स लोखंडी बैठकीवर आवळायचा, मोटर लावायची, एकेक गिअर टाकत फिरवायचा आणि कान द्यायचा. चाकाच्या दाताला कुठे बारीक घाव असेल तर टिक् टिक् येते. दात नीट बसत नसतील तर शिट्टी येते. चांगला असेल तर हिरवा शिक्का मारून ‘ओके’ म्हणायचं, नसेल तर लाल. पडद्यावर रेघा काढणारं मशिनही आहे, पण शेवटचा शब्द खुर्चीवरच्या माणसाचा.

खुर्चीवर मामा बसायचे. मामा म्हणजे माझे नातलग नव्हेत, पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराला सगळेच मामा म्हणतात. पण आमच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, नुसतं मामा म्हटलं की ते एकच. महाळुंग्याचे, म्हणजे कारखान्याशेजारच्या गावातलेच. कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. बुटके, पांढऱ्या मिशा, आणि बूथमध्ये बसले की समाधी लागल्यासारखे गप्प. लांब दांड्याचा एक स्क्रू-ड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक बॉक्सला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटायचे, आणि आत कितव्या गिअरच्या कुठल्या दाताला लागलंय ते सांगायचे. बॉक्स उघडला की तसंच निघायचं.

मला ऐकायला त्यांनी शिकवलं. आधी महिनाभर तर शिक्क्याला हातही लावू दिला नाही. ‘आधी गप बसाया शिक,’ म्हणाले. आणि एक नियम घोकवून घेतला. ‘आयकू आलं तरच ओके म्हनायचं. आयकू न्हाई आलं, शंका आली, तर लाल. मानूस खूस व्हावा म्हनून ओके द्याचा न्हाई. फुडं कुनाची तरी बायकापोरं त्या गाडीत बसत्यात.’

निवृत्तीला त्यांची दोन वर्षं उरली होती. त्यांना बढती नको होती, सत्कार नको होता. एकच हट्ट होता आणि तो ते शंभरदा बोलून दाखवायचे, ‘ह्या खुर्चीवरनं उठायचं आन् सरळ घरी जायाचं, बास.’ मला ती खुर्ची हवी होती. सहा वर्षं मी त्यांच्या बाजूला स्टुलावर बसत होतो. ते चहाला गेले, रजेवर गेले की तेवढ्यापुरता मी खुर्चीवर. घरी तीन प्लेअर, ग्रुपवर वट, आणि कारखान्यात स्टूल! सांगतो, आतून जळायचं राव.

ठिणगी एका बुधवारी पडली. मामा चहाला गेले होते, खुर्चीवर मी होतो. एक बॉक्स मी फिरवला, ऐकला, हिरवा शिक्का मारला. तेवढ्यात मामा आले. सहज स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, आणि माझ्या हिरव्यावर लाल मारला. ‘चौथ्यात घाव हाय.’ नेमके तेव्हाच आमचे साहेब बाहेरच्या दोन पाहुण्यांना घेऊन दारात उभे. बॉक्स तिथेच उघडला. चौथ्या गिअरच्या एका दातावर तिळाएवढा घाव. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मामांचा कान आहे म्हणून वाचलो. तुम्ही ते तुमचे प्लेअर विका आता.’ पाहुणे हसले. लाइनवरचे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘व्हतं आसं कवाकवा.’

हसले असते तर परवडलं असतं. त्या थापेने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘मामा, उद्या सुट्टी आहे. घरी या,’ मी म्हटलं. ‘प्लेअर ऐकवतो तुम्हाला.’ बूथमध्ये मी रोज प्लेअरच्या गोष्टी सांगायचो, आणि ते कितीदा म्हणाले होते, ‘येकदा आयकव की लेका.’ त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

गुरुवारी दुपारी ते दोन बस बदलून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि हातात पिशवीभर उकडलेल्या शेंगा. बायकोने पाणी दिलं तर तिला म्हणाले, ‘तुझ्या मालकाचा कान लय तयार हाय बरं का. माझ्यामागं बूथ त्योच सांबाळनार.’ तिघे मित्र आधीच येऊन पसरले होते. मी मामांना खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर रुमाल बांधला, अभ्रा मांडीवर ठेवला.

पहिला प्लेअर लावला. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग म्हणाले, ‘मान्सं समदी येकाच खोलीत दाटीनं बसल्याली हायती.’ एका मित्राने माझ्याकडे बघितलं. अगदी तेच मी आठवड्यापूर्वी रिक्षाचा दाखला देऊन त्याला समजावत होतो आणि ते त्याच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

दुसरा लावला. मामा म्हणाले, ‘हितं मान्सं सुटी सुटी हायती. ब्येस हाय. पन गानं थांबलं का मागं बारीक शी... शी... व्हतंय. नळ नीट बंद न केल्यावानी.’

त्याच प्लेअरची शांतता काळीभोर आहे म्हणून मी जगाला सांगितलं होतं. एक मित्र म्हणाला, ‘काय रे, खरंच आहे का शी-शी?’ त्याच्या आवाजात जी मजा होती ना, ती मला सहन झाली नाही.

‘मामा,’ मी म्हटलं, ‘ती शी-शी प्लेअरची नाही. तुमच्या कानातली आहे. वय झालं की कान आपोआप वाजायला लागतात.’

मित्र फिदीफिदी हसले. मामांनी एक बोट कानात घातलं, काढलं, मान वाकडी केली. ‘आसंल बाबा,’ म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला चव लागली होती.

‘आता हा तिसरा. ह्याचा आवाज फार नाजूक आहे. ज्याचा कान शाबूत आहे त्यालाच ऐकू येतो,’ मी म्हटलं, आणि तिसरा प्लेअर हातात घेऊन चालूच केला नाही. इअरफोन आधी एका मित्राच्या कानात घातले. त्याने भुवया उडवल्या. मी डोळा मारला. लगेच गडी सुरू, ‘आहाहा! क्या बात है!’ दुसऱ्याने लावले, ‘तानपुरा बघ राव, तानपुरा!’ तिसऱ्याने तर मांडीवर ताल धरला. मामा रुमालाआड हे सगळं ऐकत होते. चेहरा उत्सुक झाला होता, मघाचं विसरल्यासारखा.

मग इअरफोन मामांच्या कानात.

ते बूथमध्ये बसायचे तसेच बसले. हनुवटी खाली, श्वास रोखलेला. बराच वेळ गेला. उजवा हात आपोआप मांडीवर काहीतरी चाचपायला लागला. स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता तो हात. कपाळावर घाम आला. एका मित्राने उशी तोंडात कोंबली होती. मी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, ‘आता तान येतेय बघा!’ मामांनी मान हलवली, थोडी उशिरा.

इअरफोन काढून मी विचारलं, ‘कसाय?’

‘ब्येस,’ ते म्हणाले. ‘ह्यो... ह्यो समद्यात साफ हाय.’

‘ओके का?’

मी मुद्दाम तोच शब्द काढला. बूथमधला. ते थांबले. ओठ दोनदा हलले. मग म्हणाले, ‘ओके.’

मी मित्रांना हातानेच दम दिला, हसायचं नाही. मामांनी रुमाल सोडला, घडी घातली, माझ्या हातात दिली. चहा अर्धा ठेवला. बस चुकेल म्हणाले आणि निघाले. दार लागल्यावर आम्ही जे सुटलो! एक जण जमिनीवर लोळत होता. मामांची उशिरा हललेली मान मी तीनदा करून दाखवली आणि तिन्ही वेळा तेवढंच हसू आलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘तो चालू तरी होता का?’ तिने विचारलं.

‘नव्हता!’ मित्र ओरडले.

‘मग अजून जिन्यातच असतील ते. हाक मारा. सांगा.’

‘उद्या बूथमध्ये सांगतो ना. मजा येईल.’

‘मजा?’ ती म्हणाली, आणि शेंगांची पिशवी आमच्या मधोमध आदळून आत गेली. शेंगा चांगल्या होत्या, मीठ बेताचं. आम्ही सगळ्या संपवल्या.

मित्र गेल्यावर, दिवेलागणीला, मी दुसरा प्लेअर घेऊन आतल्या खोलीत बसलो. गाणं लावलं आणि थांबवलं. पंखा बंद केला. खिडकी लावली. डोळे मिटले. शी... शी... होती तिथे. बारीक, पण होती. नळ नीट बंद न केल्यासारखी. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. त्याच्या कानात काडीची खोट नव्हती, आणि ही गोष्ट त्या घडीला साऱ्या जगात मला एकट्याला माहीत होती.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट. सांगायचं मी ठरवलं होतं, खरंच. चहाच्या सुट्टीत, सगळे असताना, म्हणजे रंगत येईल. पण मी शॉपमध्ये शिरलो तेव्हा मामा आधीच साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. टोपी हातात. साहेबांनी मलाही बोट करून बोलावलं.

‘साहेब, मला खुर्चीवरनं काढा,’ मामा सांगत होते. ‘माझा कान गेलाय.’

‘काहीतरीच काय मामा! परवा तर तुम्ही तिळाएवढा घाव पकडलात.’

‘त्यो हाडानं पकाडला आसंल. काल मला आयकू आलं न्हाई. चार मान्सांला आलं, मला न्हाई. आन् तरीबी मी ओके म्हनलो.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. ‘आजवर जल्मात न आयकता ओके दिला न्हाई साहेब. काल दिला. पोरांम्होरं लाज वाटली म्हनून दिला. आता ह्या खुर्चीवर बसाया माझं मन व्हत न्हाई. उद्या हितं बी तसंच देईन मी.’

साहेबांना काही उमगेना. त्यांनी मला विचारलं, ‘काय झालं काल?’

हाच तो क्षण. ‘साहेब, प्लेअर बंद होता, मी मस्करी केली,’ एवढंच म्हणायचं होतं. शिव्या पडल्या असत्या. मामा कदाचित हसलेही असते. मी म्हणालो, ‘काही नाही साहेब, गाणी ऐकत होतो घरी.’

साहेबांनी थोडा विचार केला. ‘ठीक आहे. दवाखान्यात कानाची तपासणी करून घेऊ. तोपर्यंत खुर्ची तुम्ही सांभाळा.’

तुम्ही म्हणजे मी.

बूथमध्ये आल्यावर मामांनी त्यांचा डबा, चष्मा, गमछा उचलला. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. मूठ त्यांच्या घामाने काळी, गुळगुळीत झालेली होती. हसून म्हणाले, ‘काल पयल्यांदा वाटलं, यंत्र बंद आसंल. मग म्हनलं, आपला गडी बंद यंत्र आपल्या हातात कशापायी देईल? तवा मला समाजलं, कानच गेला.’

मी काय केलं? दार लावून घेतलं आणि पहिला बॉक्स बैठकीवर घेतला.

कानाच्या तपासणीची आमच्याकडे एक रीत आहे. दवाखान्यातल्या खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. समोर काच आहे. तपासणाऱ्याचं कोपर तिच्यात दिसतं. कोपर हललं की बटण दाबायचं, एवढं सोपं. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर पंधरा वर्षं काढलेले, हाक मारली तर वळूनही न बघणारे बहाद्दर दरसाल झकास पास होतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मामांनी डोळे मिटून तपासणी दिली. आणि ज्या आवाजाची शंका आली त्याला बटण दाबलं नाही. शंका आली की लाल, त्यांचाच नियम. असा नियम लावला तर त्या खोलीत कोण पास होईल? कागदावर ‘ऐकण्याची क्षमता कमी’ असं आलं. मामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यांना धुलाईला टाकलं. तिथे कातलेले भाग गरम पाण्यातून काढतात आणि हवेच्या बंदुकीने सुकवतात. ती बंदूक म्हणजे कानाशी प्रेशर कुकर उघडल्यासारखी, आणि अशा आठ बंदुका सलग आठ तास. कानात घालायला बोळे मिळतात. सगळे घालतात. मामा घालत नव्हते. त्यांच्या सुपरवायझरने दोनदा टोकलं, तर म्हणाले, ‘गेलेल्या कानाला बोळं कशाला?’

हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. कँटीनमध्ये ते माझ्या शेजारी बसायचे. मी म्हणू शकलो असतो, मामा, बोळे घाला, तुमचा कान गेलेला नाही. पण मग ‘तुला काय म्हाईत?’ असं त्यांनी विचारलं असतं, आणि पुढचं सगळं निघालं असतं, साहेबांपर्यंत गेलं असतं. मी त्यांना लोणच्याची फोड वाढायचो. मी वाढलेलं लोणचं ते आवडीने खायचे.

सहा महिन्यांनी ते मोठ्याने बोलायला लागले. वर्षाने ‘आं?’ सुरू झालं. मग ‘आं?’ सुद्धा बंद झालं, कारण चारचौघांत सारखं विचारायला लाज वाटते. समोरच्याचं तोंड हललं की ते हसून मान हलवायचे, थोडी उशिरा. अगदी त्या गुरुवारी हलवली होती तशी. बायकोने एकदा विचारलं, ‘सांगितलंत का हो मामांना?’ मी ‘हो’ म्हटलं. मित्रांनाही मी तेच सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. गुरुवारची बैठकही मोडली. मित्र यायचे बंद झाले, का ते मी विचारलं नाही.

खुर्चीवर माझं काम चांगलं चाललंय. उगाच वाटायला नको की मला शिक्षा झाली, बॉक्स परत आले, माझाही कान गेला वगैरे. तसलं काही झालं नाही. साहेब खूश आहेत. मी मामांच्याच नियमाने चालतो, शंका आली की लाल.

मामांचा नोकरीतला शेवटचा दिवस एक शनिवार होता. धुलाईतल्या पोरांनी हार घातला, पेढे वाटले. सुट्टी व्हायला अर्धा तास असताना मामा बूथच्या दारात आले. खुर्चीकडे बोट करून खुणेनेच विचारलं, बसू का? मी उठलो. ते बसले. ‘येक बॉक्स लाव,’ म्हणाले. सवयीने त्यांनी दाराकडे बघितलं, दार मीच लावून घेतलं.

बॉक्स आवळला, मोटर सुरू केली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मामा हनुवटी खाली घालून बसले होते, डोळे मिटून. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

‘लाव की मोटर,’ म्हणाले.

मोटर चालू होती. बॉक्स चौथ्यात फिरत होता.

मी मोटर बंद केली. बूथमध्ये शांतता झाली. ही मात्र खरी काळीभोर, मला माझा श्वास ऐकू येत होता, त्यांचाही. आणि आता ह्यांना काही म्हणजे काही ऐकू येणार नाही ही खात्री झाल्यावर, तेव्हा कुठे माझ्या तोंडातून शब्द फुटला. नेहमीच्या आवाजात, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून मी म्हणालो, ‘मामा, त्या दिवशी तिसरा प्लेअर बंद होता. तुमचा कान चांगला होता. शी-शी पण होती. मला माहीत होतं.’

मामा माझ्या ओठांकडे बघत होते. माझं बोलणं थांबलं तसे हसले. मान हलवली, थोडी उशिरा.

‘ओके,’ म्हणाले. ‘ओके, ओके.’

टेबलावर शिक्क्यांजवळ कागद होता, पेन होतं. एका ओळीचं काम होतं. मी पेन उचललं नाही. सुट्टीचा भोंगा झाला. तो त्यांना कळावा म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावला, दार उघडलं, आणि मामा माझ्या खुर्चीवरनं उठून सरळ घरी गेले.